दोनशेची बशी

सकाळी अकराला मोजणी. हातात चिमटा.
शून्याची बशी, पन्नासची, शंभरची, दोनशेची.
आकडे मिठाचे,
काचेवर माझ्याच अक्षरात,
आणि दाणे नेमगोंडा मगदुमांच्या रानातल्या चाकवताचे,
शिरोळहून एस्टीनं आलेले, तंबाखूच्या पुडीत.
पुडीवर त्यांनी लिहिलेलं:
'कायबी पिकत न्हाई, तिथलं हाय.'

शून्यात तिसऱ्या दिवशीच गर्दी.
पन्नासात जरा मागंपुढं.
शंभरात जे उठले
त्यांच्या मुळांची टोकं तपकिरी,
तव्याला बोट लागावं तशी.
दोनशेत काही नाही.
चौदा दिवस काही नाही.

रजिस्टरात एक रकाना आहे, 'मृत'.
त्यात पंचवीस लिहिलं
आणि शाई वाळेपर्यंत बघत बसले.

टाकून द्यायच्या आधी, साहेब जेवायला गेल्यावर,
बशी नळाखाली धरली.
कळंब्याचं साधं पाणी, औषधाचा वास असलेलं.
खालचा कागद बदलला.
रंकाळ्यापर्यंत रिक्षात मांडीवर धरून आणली ती बशी,
रिक्षावाला म्हणाला, प्रसाद काय?
मी हो म्हटलं.
खिडकीत ठेवली,
मिठाच्या बरणीपासून उगाचच लांब.

दुसऱ्या रात्री भाकरी थापता थापता दिसला
एक पांढरा स्वल्पविराम.
सकाळी सात.
त्याच्या दुसऱ्या दिवशी एकोणीस.

म्हणजे पाणी होतंच की बशीत, चौदा दिवस.
ओल होती, ऊब होती, उजेड होता.
पण ते पाणी स्वतःच तहानलेलं,
देणारं नव्हे, ओढून घेणारं.
हे दाण्याला कुणी सांगितलं?
जीभ नाही त्याला. मोहरीएवढासुद्धा नाही तो.
तरी कवचाआडून चव घेत बसला,
आज नको,
आज नको,
आजही नको.

भिंगाखाली पाहिलं तर एकाच झाडाचे दोन जातींचे दाणे.
तपकिरी, पातळ सालीचे, घाईतले.
काळे, चकचकीत, जाड.
आईनंच वाटणी केलेली:
काहींनी जाऊन बघायचं,
काहींनी मागं राहायचं,
दोघांपैकी एक तरी चुकेल, हे धरूनच.

डिसेंबरात गेले शिरोळला.
रान पांढरंफटक, चालताना पायाखाली करकरणारं.
मगदुमांनी जमिनीखालून भोकाभोकांचा पाईप टाकलाय,
त्याचं तोंड ओढ्यात उघडतं
आणि रानातलं मीठ थेंबथेंब बाहेर जातं.
दर शुक्रवारी ते तिथं उकिडवे बसतात,
बोट बुडवतात, जिभेला लावतात.
"अजून हाय," म्हणाले.
थुंकले.
"गेल्या साली ह्यापरास लई हुतं."

मी त्यांना बश्यांचं सांगितलं. शंभर, दोनशे, एकोणीस.
त्यांनी ऐकून घेतलं.
मग बांधाकडं हात केला.
पाईपाच्या रेषेवर, बरोब्बर रेषेवर,
हिरवी वीतभर पट्टी, चाकवताची,
आणि दोन्ही बाजूंना पांढरं.
"हे आमी पेरल्यालं न्हवं," म्हणाले.
"आठ-धा वर्सं हितं गवाताची काडी न्हवती.
ह्येंचं ह्येनीच बघिटलं, आन् आलं."

निघताना त्यांच्या मालकिणीनं, कुसुमवहिनींनी,
एक जुडी पिशवीत घातली.
"भाजीत मीठ घालू नगा," म्हणाल्या,
"ती घिऊनच आलीया."

सोमवारी रजिस्टर उघडलं.
पंचवीसवर काट मारता येत नाही, सही झालेली.
शेजारी समासात, बारीक, पेन्सिलीनं:
थांबलेले एकोणीस.

उरलेले सहा अजून खिडकीत आहेत.
दोन दिवसांनी पाणी बदलते.
काळे आहेत सहाही.
मी काही म्हणत नाही त्यांना.